आकाशातली वीज आणि तारेतली वीज



आपल्या मराठीत आकाशात कडाडणाऱ्या विजेला आणि घरातल्या दिव्यात जळणाऱ्या विजेला एकच शब्द आहे. 'वीज पडली आणि वीज गेली' असे आपण वैशाखाच्या अखेरीस सहज बोलून जातो, आणि ऐकणाऱ्याला त्यात काही चमत्कारिक वाटत नाही. आपल्या पूर्वजांना या दोन्ही विजा एकच असल्याचे ठाऊक होते, असा पोकळ अभिमान आम्ही मिरवणार नाही. तारेतली वीज या देशात आली तेव्हा कोणीतरी तिला जुनाच शब्द दिला, एवढेच. पण तो बरोबर दिला. आजच्या आमच्या भाषणाचा विषय या दोन विजांच्या भेटीचा इतिहास हा आहे.

प्रथम एक कबुली दिली पाहिजे. आम्ही अभियंते नाही. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि कारखान्याच्या फाटकाबाहेर पुष्कळ झाले. कामगारांच्या चौकश्यांत त्यांची बाजू मांडता मांडता जे समजेना ते रात्री पुस्तक घेऊन वाचावे, उमजेना ते जुन्या फोरमनला विचारावे, अशा रीतीने जे पदरात पडले तेच आपल्यापुढे ठेवीत आहो. या विषयाकडे आम्ही का वळलो, त्याला एक कारण घडले. ते ओघात येईलच.

आकाशातली वीज आणि प्रयोगशाळेतली ठिणगी एकच, असा तर्क अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिन यांनी मांडला. त्यांची पतंगाची गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. पण हा तर्क फ्रान्समध्ये १० मे १७५२ रोजी मार्ली गावी प्रथम सिद्ध झाला, हे फार थोड्यांना ठाऊक असते. दालिबार नावाच्या विद्वानाने तिथे उंच लोखंडी कांब उभी केली होती. ढग आले तेव्हा स्वतः दालिबार गावात नव्हते. कांबेपाशी राखणीला ठेवलेला क्वाफिए नावाचा निवृत्त सैनिक पुढे झाला आणि ढगातली पहिली ठिणगी त्याने काढली. इतिहासात नाव दालिबार यांचे झाले. आम्ही क्वाफिएचे नाव मुद्दाम घेतो, कारण विजेच्या धंद्यात ढगाखाली उभा राहणारा आणि कागदावर सही करणारा हे दोघे निराळे असतात, ही रीत तेव्हापासूनची आहे.

पुढच्याच वर्षी, १७५३ साली, सेंट पीटर्सबर्गला प्राध्यापक रिखमान यांनी अशीच कांब छतावरून घरात आणली. विजेचे मोजमाप घ्यावे म्हणून त्यांनी ती जमिनीला जोडली नव्हती. वादळ आले, ते वाकून पाहू लागले, आणि कांबेतून निघालेल्या झटक्याने जागच्या जागी गेले. सोबतचा कोरीवकाम करणारा कारागीर खाली कोसळला, पण वाचला. जमिनीला जोडलेली कांब घर राखते, आणि न जोडलेली कांब घरात मृत्यू आणते. एवढा एक धडा मनाशी धरला की पुढचा इतिहास समजण्यास कठीण नाही.

आता आपल्या प्रांताकडे येऊ. वीज जोवर गावातल्या गावात तयार होऊन तिथेच जळत होती, तोवर आकाशातल्या विजेची गाठ क्वचित पडे. १९०२ साली म्हैसूर संस्थानात शिवसमुद्रमहून कोलारच्या सोन्याच्या खाणींपर्यंत सुमारे १४७ किलोमीटर तारा गेल्या आणि लांब पल्ल्याचे युग सुरू झाले. महाराष्ट्रात हा मान खोपोलीचा. टाटांच्या कंपनीने लोणावळ्याच्या परिसरात पाणी अडवले, ते घाटाखाली खोपोलीला उतरवले, आणि १९१५ साली तिथली वीज १ लाख व्होल्टच्या दाबाने मुंबईच्या गिरण्यांकडे नेली. पुढे भिवपुरी आणि भिरा ही वीजघरे झाली. याच ओघात मुळशीच्या शेतकऱ्यांची जमीन पाण्याखाली गेली आणि १९२१ साली सत्याग्रह झाला. तो एका स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. स्वातंत्र्यानंतर १९६२ साली कोयना, आपल्या विदर्भात १९७४ साली कोराडी आणि १९८३ साली चंद्रपूर सुरू झाले. १९९९ च्या सुमारास चंद्रपूरहून पडघ्यापर्यंत सुमारे ७५२ किलोमीटरची ५ लाख व्होल्टची एकदिश प्रवाहाची वाहिनी सुरू झाली. म्हणजे कोळसा आपला, धूर आपला, आणि दिवे मुंबईचे. असो.

या सर्व तारा उघड्या रानातून जातात, आणि रानात सर्वांत उंच जे असेल त्यावर वीज पडते. शेतकरी वादळात झाडाखाली उभा राहू नको असे मुलाला बजावतो. पण वाहिनीचा मनोरा आपली जागा सोडून जाऊ शकत नाही. तो शेकडो किलोमीटर रांगेने उभा आहे. तेव्हा प्रश्न उरला तो असा की वीज पडल्यावर पुढे काय करावयाचे?

या प्रश्नाचा ध्यास घेतलेला एक माणूस आम्हांला विशेष जवळचा वाटतो. चार्ल्स स्टाइनमेट्झ हे जन्माने जर्मन, पाठीने कुबडे, उंचीने ठेंगणे आणि मताने समाजवादी. १८८८ साली त्यांच्या लिखाणामुळे अटक होण्याची वेळ आली तेव्हा ते देश सोडून निघाले आणि १८८९ साली अमेरिकेत उतरले. पुढे स्केनेक्टडी येथील प्रचंड वीजकंपनीचे ते आधारस्तंभ झाले, तरी त्यांनी मत बदलले नाही. समाजवादी नगराध्यक्षाच्या कारकिर्दीत त्यांनी शहराच्या शिक्षण मंडळाचे अध्यक्षपदही सांभाळले. एकदा त्यांच्या नदीकाठच्या लाकडी घरावर वीज पडली आणि आरशाच्या ठिकऱ्या झाल्या. त्यांनी त्या ठिकऱ्या वेचून पुन्हा जुळवल्या आणि वीज कोणत्या वाटेने गेली ते तपासले. १९२२ साली त्यांनी प्रयोगशाळेत १ लाख २० हजार व्होल्टची कृत्रिम वीज पाडून दाखवली. हेतू करमणुकीचा नव्हता. वाहिनीचे संरक्षण करणारे साधन खऱ्या वादळाची वाट न पाहता तपासता यावे, हा होता.

त्या काळी बहुतेक अभियंत्यांची समजूत अशी होती की जवळपास पडलेल्या विजेच्या प्रभावाने तारेत दाब चढतो, तोच मुख्य शत्रू. प्रत्यक्ष तारेवर पडणारी वीज विरळा, आणि तिच्यापुढे इलाज नाही. १९३० च्या सुमारास फोर्टेस्क्यू आणि इतर संशोधकांनी हे उलटवले. प्रभावाने चढणारा दाब सहसा दोन-तीन लाख व्होल्टच्या आतला असतो. तो ११ आणि ३३ हजारांच्या वाहिन्यांना पुरून उरतो, पण मोठ्या वाहिन्या त्याला दाद देत नाहीत. त्या बंद पडतात त्या प्रत्यक्ष आघाताने. त्याच दशकात दक्षिण आफ्रिकेत शोनलंड यांनी फिरत्या भिंगाच्या कॅमेऱ्याने विजेची चित्रे घेतली आणि ती ढगातून पायरीपायरीने उतरते हे दाखवले. स्वित्झर्लंडमध्ये कार्ल बर्गर यांनी १९४३ पासून सान साल्वातोरे डोंगरावर मनोरा उभारून कित्येक वर्षे प्रवाह मोजले. खाली उतरणाऱ्या विजेच्या पहिल्या झटक्याचा मधला आकडा सुमारे ३०,००० अँपिअर निघाला.

या आकड्याचा हिशेब आपण इथेच करून पाहू. ३०,००० अँपिअरचा झटका तारेवर पडला तर अर्धा एका बाजूला आणि अर्धा दुसऱ्या बाजूला धावतो. अशा लाटेला उघड्या तारेचा अडथळा सुमारे ४०० ओहम असतो. १५,००० ला ४०० ने गुणा, म्हणजे ६० लाख व्होल्ट होतात. आणि आपल्या वाहिन्यांची सहनशक्ती किती? ३३ हजारांच्या सामानाची अशा झटक्यापुढे १ लाख ७० हजार, १ लाख ३२ हजारांच्या सामानाची ६.५ लाख, आणि २ लाख २० हजारांच्या सामानाची १०.५ लाख व्होल्ट. ही लाट जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने जाते. नागपूर ते बुटीबोरी हे सुमारे ३० किलोमीटरचे अंतर ती सेकंदाच्या दहाहजाराव्या भागात कापील. वाटेत ती झिजते हे खरे. पण जिथे तार संपते आणि ट्रान्सफॉर्मर लागतो तिथे, पाटाचे वेगवान पाणी बंद दारावर आपटून उसळावे तशी, ती दुपटीने उसळते.

म्हणून मोठ्या वाहिनीच्या माथ्यावर तुम्हांला एक-दोन बारीक तारा दिसतात. त्यांतून वीज वाहत नाही. त्या छत्री आहेत. वीज त्यांवर पडावी, मनोऱ्याच्या अंगावरून उतरावी आणि जमिनीत जावी, अशी योजना आहे. इथे आमची आजी सांगत असे ती गोष्ट आठवते. पायाळू माणसावर वीज पडते, अशी आपल्याकडे समजूत आहे. पायाकडून जन्मलेल्या त्या बिचाऱ्यांना आभाळ भरले की घरात कोंडीत असत. माणसाच्या बाबतीत ही समजूत निखालस खोटी. पण मनोऱ्याच्या बाबतीत सारा प्रश्न पायाचाच आहे. पायाचा जमिनीशी अडथळा १० ओहम असेल तर ३०,००० अँपिअरने मनोऱ्यावर ३ लाख व्होल्ट चढतात, आणि इन्सुलेटर ते सोसतो. तोच अडथळा ६० ओहम असेल तर १८ लाख चढतात, आणि वीज जमिनीत जाण्याऐवजी मनोऱ्यावरून उलटी तारेवर उडी मारते. हिशेब ढोबळ आहे, पण दिशा खोटी नाही.

आता बुटीबोरीची जमीन पाहा. वर काळी कापसाची माती, खाली मुरूम आणि काळा पाषाण. पावसाळ्यात ही काळी माती ओल धरते आणि विजेला सहज वाट देते. पण एप्रिल-मे महिन्यांत तीच भेगाळते, खड्ड्यातल्या पट्टीपासून सुटते, आणि अडथळा वाढतो. आपल्याकडे वळिवाच्या गडगडाटी सरी येतात नेमक्या तेव्हा, जमीन एक थेंब न पिता महिनोन्‌महिने तापलेली असताना. म्हणजे विजेला जमिनीची गरज सर्वांत अधिक असते, त्याच दिवसांत जमीन तिला सर्वांत कमी थारा देते. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा घालून उन्हाळ्यात पाणी ओतण्याची जी पद्धत आहे, ती याचसाठी. घागरभर पाणी ओतणाऱ्याला मात्र आपण बागेचा माळी समजतो.

इथपर्यंत उघड्या तारांची कथा झाली. कारखान्यात मात्र वीज केबलमधून शिरते. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात इथे कारखाने उभे राहू लागले, तेव्हापासून वसाहतीत किती केबल जमिनीखाली गेल्या हे सांगणे कठीण. केबल जमिनीत आहे, तिला आभाळाचे भय काय, असा भ्रम पुष्कळांना असतो. लाट उघड्या तारेवरून खांबापर्यंत येते आणि तिथून केबलमध्ये उतरते. केबलचा अडथळा सुमारे ४० ओहम, तारेच्या दहावा हिस्सा. त्यामुळे ३ लाखांची लाट आली तर आत सुमारे ५५ हजारच शिरते. ऐकायला हे बरे वाटते. पण ती पलीकडच्या टोकाला ट्रान्सफॉर्मरवर आपटून दुप्पट होते, म्हणजे १ लाख १० हजार. तिथून परत फिरून खांबापाशी येते, तर तिथला मोठा अडथळा तिला पुन्हा आत ढकलतो. दुसऱ्या फेरीत टोकावरचा दाब २ लाखांजवळ जातो, आणि सहनशक्ती तर १ लाख ७० हजारांची. विहिरीत शिरलेल्या जनावराला बाहेर पडायला वाट नसावी, तशी ही लाट केबलमध्ये फेऱ्या घालते.

शिवाय एक मोठा भेद आहे. उघड्या तारेवर ठिणगी पडली तर ती हवेतून पडते. ब्रेकर ट्रिप होतो, क्षणभराने हवा पूर्ववत होते, वाहिनी पुन्हा चालू करता येते. केबलमधले वेष्टण एकदा भेदले की भेदले, ते आपोआप सांधत नाही. कधी ते अर्धेच दुखावते, आणि मग महिनोन्‌महिने काम देऊन एखाद्या निरभ्र दिवशी फुटते.

म्हणून खांबावर, केबल उतरते तिथे, आणि ट्रान्सफॉर्मरपाशीही अरेस्टर बसवतात. आमचे लाईनमन त्याला 'एलए' म्हणतात. याचाही इतिहास मोठा मजेचा आहे. आरंभी दोन शिंगांसारख्या वाकवलेल्या तारा असत. ठिणगी त्यांमधून वर चढून विझे. मग विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ॲल्युमिनियमच्या थाळ्यांचे, द्रवाने भरलेले अरेस्टर आले. त्यांच्या थाळ्यांवरचा पातळ थर टिकावा म्हणून ते रोज 'चार्ज' करावे लागत. म्हणजे वीजघरातला एक माणूस रोज त्यांच्यापुढे उभा राही. १९३० च्या सुमारास सिलिकॉन कार्बाइडच्या चकत्या आल्या, आणि १९७० नंतर जपानमधून झिंक ऑक्साइडच्या. ही चकती नेहमीच्या दाबाला भिंत आणि वाढत्या दाबाला उघडे दार असते. लाट जमिनीत गेली की दार आपोआप मिटते. तिला रोज काही करावे लागत नाही. साधन इतके गुणी झाले, आणि नेमके म्हणूनच त्याच्याकडे बघणारा माणूस कमी करण्यात आला. घरातल्या न बोलणाऱ्या सुनेसारखी त्याची गत झाली. ते आजारी आहे हे ते कोसळल्यावरच कळते.

आता ते कारण सांगतो. काही वर्षांपूर्वी या परिसरातल्या एका कारखान्यात, नाव सांगत नाही, दिवाळीच्या आधी ३३ हजारांची केबल टोकाच्या पेटीपाशी फुटली. पाळीवरचा ऑपरेटर पॅनलसमोर होता. त्याचा चेहरा आणि दोन्ही हात भाजले. तो दवाखान्यात असतानाच चुकीची कळ फिरवल्याचे आरोपपत्र त्याच्या घरी गेले. आम्ही भेटायला गेलो तेव्हा तो एवढेच म्हणाला, "भाऊ, मी त फक्त रीडिंग घ्यायले गेलो होतो."

चौकशीत आम्ही देखभालीची वही मागितली. जमिनीच्या अडथळ्याच्या रकान्यात चार वर्षे, दर सहा महिन्यांनी, एकच आकडा होता: २ ओहम. उन्हाळ्यातही २ आणि पावसाळ्यातही २. एकच शाई, एकच अक्षर. आम्हांला तेव्हा या शास्त्रातले फारसे कळत नव्हते, पण काळ्या मातीत वाढलेल्या माणसाला एवढे कळते की जी जमीन मे महिन्यात हात जाईल एवढी फाटते, तिचे माप वर्षभर सारखे राहणार नाही. मग खांबापाशी जाऊन पाहिले. अरेस्टर वर जागच्या जागी होता. त्याची जमिनीत जाणारी लोखंडी पट्टी जमिनीपासून वीतभर उंचीवर कापलेली होती. भंगारासाठी कोणी नेली असावी. कापलेल्या टोकावर जुना गंज चढला होता. त्याच जूनमध्ये वादळात तो फिडर ट्रिप होऊन पुन्हा चालू केल्याची नोंद दुसऱ्या वहीत होती. केबल तेव्हाच दुखावली असणे शक्य आहे, असे बाहेरून आलेल्या अभियंत्याने लिहून दिले. आरोपपत्र मागे घेतले गेले. त्या माणसाच्या उजव्या हाताची बोटे मात्र आजही सरळ होत नाहीत.

रिखमान यांच्या घरातली न जोडलेली कांब आणि आमच्या खांबावरची कापलेली पट्टी, यांत अडीचशेहून अधिक वर्षांचे अंतर आहे. शास्त्र तेवढे पुढे गेले. चूक तीच राहिली.

कायदा मुका नव्हता. १९५६ च्या भारतीय वीज नियमांत ९२ वा नियम होता: विजेपासून धोका असलेल्या प्रत्येक उघड्या वाहिनीच्या आणि उपकेंद्राच्या मालकाने विजेची लाट जमिनीत नेण्याची परिणामकारक व्यवस्था केली पाहिजे, अरेस्टरची जमिनीकडे जाणारी तार लोखंडी नळीतून न नेता शक्य तितकी सरळ, स्वतंत्र अर्थिंगपर्यंत नेली पाहिजे. नळीची बंदी वाचून आम्हांला प्रथम नवल वाटले. पुढे समजले की अशा अतिवेगवान झटक्याला लोखंडी नळी आणि तारेतली वळणे अडवून धरतात. २०१० साली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे नवे विनियम आले, २०२३ साली ते पुन्हा नव्याने काढले गेले. कलमांचे आकडे बदलले, तरी वहीतला आकडा खरा आहे की नाही हे पाहायला शेवटी माणूसच लागतो.

म्हणून आमचे मागणे लहान आहे. अर्थिंगची मोजणी पावसानंतरच्या ओल्या जमिनीत न करता मे महिन्यात, जमीन सर्वांत कोरडी असताना करावी. मोजणाऱ्याने तारीख घालून सही करावी, आणि ती वही कामगारांच्या प्रतिनिधीला पाहू द्यावी. दर वादळानंतर अरेस्टर आणि त्याची पट्टी डोळ्यांखालून घालावी. गडगडाट ऐकू आला की खांबावर चढलेल्या माणसाला खाली उतरवावे, मग वाहिनी बंद असो वा चालू. कारण दहा किलोमीटरवर पडलेली वीज त्याच तारेने त्याच्या हातापर्यंत येऊ शकते, हा हिशेब आपण आताच केला. कंत्राटावरच्या पोरांना हे कोणी सांगत नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचे 'दामिनी' नावाचे ॲप आज कोणाच्याही मोबाईलवर जवळ पडणाऱ्या विजेची सूचना देते. या देशात दरवर्षी अडीच हजारांहून अधिक माणसे विजेने मरतात, त्यांत शेतात राबणारेच पुष्कळ. तेव्हा ही सूचना लाईनमनाइतकीच आपल्या शेतावरच्या माणसांनाही उपयोगी आहे.

येत्या काही दिवसांत वळीव येईल. आज घरी जाताना आपल्या गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरपाशी क्षणभर थांबा. हात लावू नका, कुंपणाबाहेरूनच पाहा. वरच्या तारांकडे सगळेच पाहतात; तुम्ही खाली, पट्टी जमिनीत जाते तिथे पाहा. ती तुटलेली दिसली तर उद्या सकाळी वीज कचेरीत जाऊन लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगू नका. आमच्या धंद्यात तोंडी सांगितलेल्याची नोंद राहत नाही.